तांबं चढलेला विळा

वाइनचा पेला उचलताना तिच्या द्राक्षांवर शेवटची फवारणी कधी झाली, हे तुम्ही कधी विचारलंत?

लोहाऱ्याजवळच्या मळ्यात फवारणी करणाऱ्या काकांची नखं मोरचुदानं कायमची निळी झाली आहेत. त्या मळ्यात पाखरूही बोलत नाही. फवारणीआधी काका मोरचूद-चुन्याच्या द्रावणात विळा बुडवतात. पात्यावर तांबं चढलं, तर चुना कमी, मोरचूद जहाल.

काल पातं तांबडं निघालं.

"मालक, चुना पाह्यजे."

"उद्या तोडा हाय. मार तसंच."

काकांनी एक घड द्रावणात बुचकळून मालकांपुढे धरला. "मंग एक मणी खाऊन दाखवा."

"कायले मस्करी करून राह्यला?" मालक मागे सरकले.

काका हसले नाहीत. त्यांच्या कोपरावरून निळं पाणी ठिबकत राहिलं.

तेच द्रावण दुसऱ्यानं फवारलं. द्राक्षं आज वाइनच्या कारखान्याकडे निघाली. विचारा, उत्तर मिळेपर्यंत पेला खाली ठेवा.