सायरबाईंच्या नाकाला लागलेला वास

आमच्या अमळनेरच्या गल्लीत सायरबाई म्हणजे पोलीस चौकीच. मूळ घराणं राजस्थानातलं, जैन, कापडाचं दुकान. पण जन्म खानदेशातला, त्यामुळे राग आला की ती आमच्यापेक्षा अस्सल अहिराणी बोलते. वय सत्तरीच्या आसपास, अंगानं काडी, आणि संशय मात्र हत्तीएवढा. दूधवाल्यानं ओतलेलं दूध ती आधी हुंगणार, मग बोटावर घेणार, मग दूधवाल्याच्या तोंडाकडे बघणार. एकदा धुळ्याला भाचीच्या लग्नात तिनं आचाऱ्याला मंडपाच्या मागं गाठलं आणि त्याचे दोन्ही हात नाकाशी धरून लसणाचा वास येतो का ते पाहिलं. आचारी मोठा मिशीवाला गडी. त्यानं आपले मुकाट्यानं हात धुऊन दाखवले, दोनदा.

तर अशा घरात मे महिन्यात एक दिवस कांद्याचा वास आला.

जैनांच्या घरी कांदा चालत नाही, हे तुम्हाला माहीतच असेल. खाणं सोडाच, उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि हा वास कुठं, तर नातवाच्या चड्डीच्या खिशाला. नातू संयम, नऊ वर्षांचा. शाळेला सुट्टी लागलेली, सून चेलना बाळंतपणाला माहेरी, मुलगा सुरेशचंद दिवसभर दुकानात. पोराची सगळी राखण आजीकडे.

"हाऊ वास कसाना शे रे?" सायरबाईनं चड्डी नाचवत विचारलं.

"कसला वास, दादी?"

"कांदा खादा ना तू?"

"देवाशप्पथ नाही खाल्ला!"

"तोंड उघड."

तोंडाला वास नव्हता. त्यानं तर तिचा संशय जास्तच पिकला. खाऊन वर बडीशेप चघळणारा पोरगा साधा नसतो, कोणीतरी शिकवलेला असतो. कोणी शिकवला? तिनं बोट दाखवलं ते गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आबेदाच्या घराकडे.

आबेदा शिलाईचं काम करते. साड्यांना फॉल लावणं, पिको करणं. सायरबाईच्या दुकानातल्या निम्म्या साड्या तिच्याच मशीनखालून जायच्या. तिचा शेहजाद आणि आमचा संयम एकाच वयाचे, दिवसभर गळ्यात गळा. झालं. दुसऱ्या दिवसापासून साड्यांचं गाठोडं आबेदाकडे जाईना. ती विचारायला आली तर सायरबाई दारातूनच म्हणाली, "सध्या काम नाही." आबेदानं मागच्या फळीवरचा साड्यांचा ढीग पाहिला आणि परत गेली. मला हे दिसत होतं. मी समोरच्या ओट्यावर बसतो, मला सगळं दिसतं. पण या वासाचं मूळ मला दिसलं नाही, याचा मला आजवर राग आहे. का ते पुढं सांगतो.

चार दिवस सायरबाईनं पाळत ठेवली. खिसे हुंगायची, रुमाल हुंगायची, झोपलेल्या पोराचे तळहात हुंगायची. वास रोज असायचा, कांदा कधी सापडायचा नाही. पोरगं जेवून बारा वाजता गायब व्हायचं ते चारला तोंड लाल करून यायचं. विचारलं तर म्हणायचं, "शेहजादकडे कॅरम खेळत होतो." मग पाचव्या दिवशी ती उठली. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. कुत्रीसुद्धा मोरीत पडलेली. सायरबाईनं डोक्यावरून पदर घेतला आणि निघाली, चोर रंगेहाथ पकडायला. मी ओट्यावरून हाक मारली, "सायरबाई, या उन्हात?"

"नाना, तुम्ही गप बसा. आज मी कांदा खाताना धरते त्याला."

मला राहवेना. मी टॉवेल गुंडाळून मागं गेलो.

आबेदाच्या घरात कॅरम नव्हता. पोरंही नव्हती. घरामागं एक बंद पडलेल्या गिरणीचं आवार आहे, झाड नाही, सावली नाही, बाजूला गिरणीचे तापलेले पत्रे. तिथं सात-आठ पोरांचं क्रिकेट चाललं होतं. भर दुपारी दोनला! आणि संयम एका बाजूला भिंतीला टेकून बसलेला.

"सापडला!" सायरबाई ओरडली. "ऊठ. खिसा दाखव."

पोरगा उठला, दोन पावलं वाकडी टाकली आणि म्हणाला, "मॅडम, मी गृहपाठ केलाय."

पोरं हसली. सायरबाईचं टाळकं फिरलं. "नाटक करतोस? मार चुकवायला नाटक?" तिनं त्याची मानगूट धरली. आणि मग तिचा हात तिथंच थांबला. मी तिच्याकडे बघत होतो. ती मान चाचपत होती, मग पाठ, मग काखेत हात घातला.

"नाना," ती हळू म्हणाली, "बाकी बठ्ठा पोऱ्हे घामानं निथळताहेत. ह्याचा घाम कुठं गेला?"

दुसरी कोणी आजी असती तर चापट मारून घरी नेलं असतं. पण जे असायला हवं ते का नाही, हा प्रश्न विचारायचाच हिचा जन्म. पोराचं अंग कोरडं ठणठणीत आणि तव्यासारखं तापलेलं. तेवढ्यात त्याचे पाय गेले.

आरडाओरडा ऐकून आबेदा मागच्या दारातून धावत आली. तिनं एक नजर टाकली आणि त्याला काखेत उचलून आपल्या घरात, फरशीवर नेलं. शर्ट काढला. बादलीत बुचकळलेली ओढणी अर्धवट पिळून मानेवर, काखेत, जांघेत लावली, वरून तांब्या तांब्यानं पाणी ओतत राहिली. मला म्हणाली, "नाना, पुठ्ठा घ्या, वारा घाला, थांबू नका." सायरबाई पेला घेऊन आली, पोराच्या तोंडाला लावायला. आबेदानं तिचा हात धरला.

"भाभी, नका पाजू. तो शुद्धीत नाही, ठसका लागून पाणी छातीत जाईल. माझा भाऊ असाच वीटभट्टीवर पडला होता, तेव्हा डॉक्टरांनी मला रागावून सांगितलंय."

आचाऱ्याचे हात हुंगणाऱ्या बाईनं पेला खाली ठेवला. का, कसं, खरं कशावरून, एक शब्द नाही. फक्त पोराचे तळपाय धरून बसली. शेहजाद पळत जाऊन रिक्षावाल्या कादरला घेऊन आला. रस्ताभर आबेदा ओली ओढणी लावत होती आणि सायरबाई एकच म्हणत होती, "सुनेला काय तोंड दाखवू? तिनं माझ्या भरवशावर सोडलंय."

दवाखान्यात सलाईन लावलं, बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. तासाभरानं पोरानं डोळे उघडले आणि "दादी, मारशील का?" असं विचारलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "अंगावर पाणी घालत आणलंत म्हणून बरं. अजून अर्धा तास गेला असता तर मी काही सांगू शकलो नसतो."

नर्सनं काढलेली चड्डी सायरबाईच्या हातात दिली. खिशाच्या तळाशी चिंधीची पुरचुंडी होती आणि तिच्यात मऊ पडलेला छोटा कांदा. रोज घरी येण्याआधी संयम तो शेहजादकडे ठेवून यायचा, म्हणून सापडत नव्हता.

"हा कोणी दिला?" तिनं शेहजादला विचारलं. नजर मात्र आबेदावर.

शेहजाद रडत म्हणाला, "दादी, त्यानं खाल्ला नाही. खिशात कांदा असला की लू लागत नाही. सगळ्यांकडे आहे. नानांनीच सांगितलं."

सगळे माझ्याकडे वळले.

खरं होतं ते. महिन्याभरापूर्वी याच पोरांना मी ओट्यावर बसवून सांगितलं होतं, की आम्ही लहानपणी खिशात कांदा टाकून चार कोस चालत शाळेला जायचो, ऊन आमच्या केसालाही धक्का लावायचं नाही. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती, आणि तोंड उघडं टाकणारं कोणी समोर असलं की मला जोर चढतो. कांदा आबेदाच्या टोपलीतला, अक्कल माझी.

मी दवाखान्याच्या बाकावर बसून पहिल्यांदा नीट आठवलं. चार कोस कसले, शाळा कोसभरच लांब, आणि उन्हाळ्यात गुरुजी ती सकाळची करायचे. आम्ही अकराच्या आत घरी. दुपारभर आई दाराला कडी घालून आम्हाला निजवायची आणि उन्हं कलल्याशिवाय सोडायची नाही. काम केलं त्या कडीनं, नाव झालं कांद्याचं. मी हे सायरबाईला जसंच्या तसं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आबेदाकडे.

"तुझ्यावर आळ घेतला मी," ती आबेदाला म्हणाली. "चुकलं माझं."

"माहीत होतं मला, भाभी," आबेदा म्हणाली. "पण तुम्ही विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं की पोरं भर दुपारी गिरणीच्या आवारात खेळतात. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. माझंही चुकलं, मी त्यांना आत ओढायला हवं होतं."

आता आमच्या गल्लीचा कायदा असा आहे. अकरा वाजले की बठ्ठी पोरं सायरबाईच्या दुकानामागच्या गोदामात. जाड भिंती, कूलर, कॅरम आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, तहान लागो न लागो. साडेपाचला ती आवारात जाऊन तळहात जमिनीवर टेकवते. हात ठरला तर पोरं बाहेर, नाही ठरला तर नाही. पोरं म्हणतात, "दादी, तुझा हात म्हातारा आहे, त्याला जास्त भाजतं." ती ऐकत नाही. साड्यांचं गाठोडं पुन्हा आबेदाकडे जातं, आणि प्रत्येक टाका सायरबाई अजून तपासून घेते. तो तिचा स्वभाव आहे, त्याला माफी-बिफीनं काही होत नाही.

आणि मला शिक्षा झाली. रोज दुपारी गोदामात बसून पोरांना गोष्टी सांगायच्या. फक्त पडद्याआड सायरबाई बसलेली असते.

परवा मी सुरुवात केली, "एकदा मी बोरी नदीच्या काठी शेपटीला धरून एक धामण..."

"नाना," पडद्यामागून आवाज आला, "उद्या ही पोरं साप धरायला जातील."

"अहो, धामण बिनविषारी असते."

"पोरांना काय कळतं कोणती धामण? दुसरी सांगा."

मी म्हशीची सांगायला घेतली. पडदा हलला.

"म्हैस पाण्यात होती का काठावर? पाणी किती खोल होतं? आणि नाना, हे तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं, की कोणाकडून ऐकलेलं?"