गोदाबाईच्या दारातला कडू घास

गोदाबाईच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर सगळ्यात लहान फोटो गोदाबाईचा आहे.

मला अक्षर येत नाही, पण तोंडं मोजता येतात. एकोणीस पुढारी, गॉगल लावलेला तिचा पुतण्या दोनदा, आणि खाली कोपऱ्यात, पदर अर्धा कापलेली, आमची गोदाबाई.

काल सकाळी गेली. दुपारी जाळली. राख गरम होती तेव्हाच चौकात फ्लेक्स लागला होता.

मी सांगतेय, सून फेसबुकवर टाइप करतेय. मध्येच थांबते. म्हणते, "आत्या, गावातले वाचतील."

वाचू दे की. नऊ वर्षांत आमच्याकडे ढुंकून बघितलं नाही, आता तरी बघतील.

नऊ वर्षांपूर्वी पोरगा चाकणला कंपनीत लागला आणि आम्ही लातूरकडून बिऱ्हाड उचलून या वाडीत आलो. चाळीस घरं, सगळ्यांचं आडनाव एकच. टेम्पो उभा राहिला तेव्हा पारावरच्या माणसांनी आमचा एकेक डबा नजरेनेच उतरवून घेतला. हात कुणी लावला नाही.

एकटी गोदाबाई जवळ आली. विचारलं, किती दिवसांचं बिऱ्हाड. मी ऐटीत सांगितलं, पोरगा पर्मनंट आहे.

"पोरगं पर्मनंट हाय, कळलं. तू किती दिस टिकतीस ते सांग."

तिथंच आमचं जमलं.

बाकी वाडीला आम्ही 'भाडेकरू'. नळाला नंबर शेवटचा. सुनेला हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. यात्रेत मांडव घालायला आमचा पोरगा चालायचा, रात्रपाळी करून आलेला असला तरी. पंगतीत मात्र आधी भावकी.

तिसऱ्या वर्षी आमचे हे गेले.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात, घरच्यांना बळंच चार घास भरवतात. कडू घास. आमच्या गावी असते तर कुणाची टोपली आधी, यावरून बायका भांडल्या असत्या.

इथे माणसं स्मशानातून आली, हातपाय धुतले, आपापल्या घरी गेली.

ऊन उतरलं. टोपली नाही.

सून मोबाइलवर हॉटेल शोधायला लागली. तेव्हा मला रडण्याच्याही आधी लाज आली. नवरा गेला आणि त्याच्या नावाचा घास घालायला एक दार उघडत नाही.

तेवढ्यात गोदाबाई आली. डोक्यावर टोपली. बाजरीच्या भाकऱ्या, जाड, एका बाजूने करपलेल्या.

"खा गं लातूरवाले. रडायलाबी जोर लागतो."

तिच्या मागोमाग तिची थोरली जाऊ, अडवायला. म्हणाली, कडू घास भावकीत नेतात, भाडेकरूंकडं कुणी नेतं का.

गोदाबाईने मागे वळूनही बघितलं नाही. "मंग आजपासनं ही माझी भावकी."

एवढं एक वाक्य. ते तिला सहा वर्षं भोवलं.

पुतण्याच्या लग्नाची पत्रिका नाही. जाऊ समोरून आली की पदर सावरून रस्ता बदलायची. एकाही घराने तिला चहाला हाक मारली नाही. ती हसायची. म्हणायची, बरं झालं, न्हाईतरी मला साखर हाय.

आणि काल सगळे हजर. गळे काढून. पुतण्याने स्वतःचा रडतानाचा फोटो स्टेटसला ठेवला. रडता रडता कोण फोटो काढतं रे?

किळस आली मला.

घरी आले, आठ भाकऱ्या थापल्या. ज्वारीच्या, मला त्याच जमतात. पिठलं टाकलं. टोपली घेऊन गोदाबाईकडे गेले.

दारात तिची थोरली जाऊ.

"तिकडं पडवीत ठेवा बाई. आधी भावकीचा घास यायला लागतो."

कुठाय, विचारलं.

"येतोय."

बसले पडवीत, टोपली मांडीवर घेऊन. आत गोदाबाईची लेक शालन, भोसरीहून आलेली, सकाळपासून नुसत्या पाण्यावर. चाळीस घरं, आणि प्रत्येकीला वाटलेलं, दुसरी करील. पुतण्या फ्लेक्सवाल्याकडे. शेवटी त्यानेच कुठल्याशा हॉटेलात फोन केला.

आला बाई भावकीचा घास.

पनीर. पिशवीला बाहेरून तेल सुटलेलं. वर कांदा-लिंबू. आणि बडीशेपेच्या पुड्या.

मयताच्या घरी बडीशेप.

शालनने पिशवीकडे बघितलं. उठली, सगळ्यांच्या देखत पडवीत आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि तोंड उघडलं. लहान पोर उघडतं तसं.

मी घास भरवला.

गिळून म्हणाली, "मावशी, आईनं सांगून ठेवलं होतं. चुलीचा विचार करू नको, लातूरवाली आणती."

तेव्हा कुठे मला रडू आलं. जोर नव्हता तरी.

दिवेलागणीला जाऊ बाहेर आली. पनीर तिच्याही घशाखाली उतरलं नव्हतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, भाकरी उरली असंल तर द्या चतकोर.

सहा वर्षं या बाईला काय काय सुनावायचं ते मला तोंडपाठ होतं.

टोपली उघडली. चतकोर कशाला, शेवटची उरलेली अख्खी दिली. कोरडी.

पिठलं होतं शिल्लक. ते झाकून ठेवलं.

गोदाबाई, तू असतीस तर पिठलंही वाढलं असतंस, वर कांदा फोडून दिला असतास. मी नाही बाई तेवढी मोठी. तू हसशील, हस.

श्रद्धांजली फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात आहे म्हणे, मी पुन्हा कशाला घालू. भाकऱ्या आठच्या आठ संपल्या, एवढं तुला कळवते. सुखाने जा.

सून विचारतेय, खाली नाव काय टाकू.

टाक गं. गोदाबाईची भावकी.