सतरा नंबरची फिल्म

"हिचं नाव लिस्टमध्ये नाही," वसंतण्णा म्हणाला. तो आमचा एक्स-रे टेक्निशियन. दारात हुलिगेव्वा तोंडाला पदर लावून खोकत उभी होती.

आणीबाणी उठून दोन-एक वर्षं झाली होती. हुबळीत एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी आया होते. शिक्षण चौथी. बायकांना गाऊन बांधायचा, गळ्यातलं काढून ठेवायचं, छाती स्टँडला टेकवून उभं करायचं आणि "उसिरु हिडी", म्हणजे श्वास धर, म्हणून सांगायचं, हे माझं काम.

दवाखान्यात टीबीचा वॉर्ड होता. म्हणून सगळ्या स्टाफचा दरवर्षी छातीचा एक्स-रे काढत. खोकला असो नसो. दुखणं वेळेत सापडावं म्हणून. क्लार्क, नर्सा, माळी, सगळ्यांचा. झाडूवाल्यांचा नाही. वॉर्डातली थुंकीची भांडी हुलिगेव्वा धुवायची, आणि तिचंच नाव नव्हतं.

"का नाही?" मी विचारलं.

"स्टँडला छाती टेकवावी लागते, शांताक्का. मागनं दाजीबानपेठेतल्या ट्रस्टींच्या घरच्या बायका येतात. त्यांना काय सांगू?"

"रोज सकाळी तो स्टँड कोण पुसतं?"

"पुसणं वेगळं."

म्हणजे जात. दुसरं काही कारण नव्हतं. सहा वर्षं त्याच लिस्टवर मी खुणा करत होते, पण ती रक्त थुंकायला लागली तेव्हा मला ते दिसलं. माझीही अक्कल तेवढीच.

"माझा नंबर सतरा ना? त्यावर हिला घे."

"आणि कुणी विचारलं तर?"

"स्टँड मी धुते. तू बटण दाब."

हुलिगेव्वा मागे सरकली. "नको अक्का, माझं काम जाईल."

"जीव गेल्यावर काय झाडणार आहेस? उभी राहा."

फिल्मवर नाव नसतं. कोपऱ्यात शिशाचे आकडे ठेवतात, ते उमटतात. सतरा उमटला.

चौथ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बसा, शांताक्का." तिथे मला आजवर कुणी बस म्हटलं नव्हतं. फिल्म उजेडावर लावलेली होती. उजव्या फुफ्फुसात वर सुपारीएवढा डाग.

"घाबरू नका. हा टीबी वाटत नाही, गाठ आहे. लहान आहे तोवर ऑपरेशन होईल. मिरजेला चिठ्ठी देतो. सोमवारी आपली जीप सोडेल."

चिठ्ठी लिहून त्यांनी माझ्या हातात दिली.

"डॉक्टर, ही फिल्म हुलिगेव्वाची आहे," मी म्हणाले. "माझ्या नंबरावर काढली. चिठ्ठी तिच्या नावानं द्या."

त्यांनी हात पुढे करून चिठ्ठी परत घेतली.

"त्या लोकांत टीबीच असतो. आधी गोळ्या देऊन बघू."

"आत्ता तुम्हीच म्हणालात, टीबी नाही."

"तुझं काम गाऊन बांधायचं."

फिल्म तीच होती, डाग तोच होता. मी मात्र 'बसा'वरून 'तुझं'वर आले होते.

पाच महिने तिनं गोळ्या खाल्ल्या. अंगावरचं मांस गेलं. शेवटी मीच रजा टाकून तिला मिरजेला नेलं. जुनी फिल्म वसंतण्णानं गुपचूप काढून दिली, तेवढं त्यानं केलं. तिथल्या डॉक्टरांनी जुनी आणि नवी शेजारी लावल्या.

"आता कापण्यासारखं राहिलं नाही. ही पहिली काढली तेव्हाच का नाही आणलंत?"

हुलिगेव्वाला मराठी चांगलं कळायचं. ती पदर सावरून खुर्चीवरून उठली.

दिवाळीआधी ती गेली. मला लाँड्रीत टाकलं. पुढच्या वर्षीच्या लिस्टमध्येही झाडूवाल्यांची नावं नव्हती.

शाळेत चार वर्षं मला शिकवलं, खरं बोलावं. कुठे बोलावं, ते कुणी शिकवलं नाही. मी त्या केबिनमध्ये गप्प बसून चिठ्ठी घ्यायला हवी होती, सोमवारी तिला जीपमध्ये घालायला हवं होतं, आणि ऑपरेशन झाल्यावर मिरजेत सांगायला हवं होतं की शांताक्का ती नव्हे, मी.