भाऊंचा नवसाचा कोंबडा

भाऊंना काहीही विचारा, ते आधी फुंकर मारायचे. समोरच्या ठोकळ्यावर, छिन्नीच्या टोकावर, हातात काहीच नसलं तर नुसत्या तळहातावर. मग चष्म्यावरून बघत म्हणायचे, "तसा हाय पन, नाय पन." चहा घेणार का, जावई बरा आहे का, निवडणुकीत कोण येईल, सगळ्याला हेच उत्तर. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्याशी बोलून आपण निघतो तेव्हा आलो होतो त्याहून जास्त गोंधळलेले असतो.

तारापूरकडच्या आमच्या गावांत घरोघरी डायमेकिंग चालतं. दागिन्याची नक्षी धातूच्या ठोकळ्यात उलटी आणि खोल कोरायची. सोनाराने तीवर पत्रा ठोकला की नक्षी उठून येते. मी हे काम भाऊंकडून शिकलो आणि त्यांच्याच पडवीत, त्यांच्याच शेजारी बसून अकरा वर्षं केलं. कोरलेल्या पाकळीवरून ते डोळे मिटून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "हितं केसभर राहिला." मला भिंगातूनही दिसायचं नाही. पण कोरून बघितलं की केसभर राहिलेलं असायचंच.

त्या पडवीत तिसरा असायचा तो कोंबडा. भाऊंच्या लेकीचं बाळंतपण अडलं, तेव्हा वहिनींनी गावदेवीला कोंबडा बोलला होता. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली, कोंबडा आला आणि भाऊंचं चालढकल करणं सुरू झालं. पहिल्या वर्षी म्हणाले, "अजून लहान हाय." दुसऱ्या वर्षी, "खोकतो हाय, देवीला आजारी कसा देयाचा?" तिसऱ्या वर्षी तर कहरच केला. "आता म्हातारा झाला. देवी काय म्हनंल?" वहिनी चिडून मला म्हणाल्या, "भावजी, तुमीच सांगा यांना. हा कोंबडा हाय का जावई?" मी काय सांगणार? तोवर तो माझ्याही पायाशी झोपायला लागला होता.

एका सकाळी तो मान लांब करून चोच उघडत, मिटत उभा होता. गळ्याखालची दाण्यांची पिशवी चेंडूसारखी टणक. भाऊंनी त्याला मांडीवर घेतलं, पिशवीवरून अंगठा फिरवला आणि चक्क फुंकर न मारता म्हणाले, "चल, बोयसरला."

सहा आसनी रिक्षात कोंबडा भाऊंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला. सालवडला एक कामगार चढला. त्याने हसत विचारलं, "चाचा, आज पार्टी है क्या?" भाऊ गंभीरपणे म्हणाले, "पार्टी नही. पेशंट है." तो बिचारा ओशाळला आणि बोईसर येईपर्यंत अंग चोरून, पेशंटला जागा देऊन बसला.

जनावरांच्या डॉक्टरांनी चाचपून पाहिलं. "ही पिशवी रात्रीतून रिकामी व्हायला हवी. काहीतरी अडकलंय. काय खाल्लं याने?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे.

कारण आदल्या दिवशी, भाऊ आत जेवायला गेलेले असताना, उसळीसाठी वाण्याकडून आणलेले कोरडे चणे मी त्याला टाकले होते. हवेतल्या हवेत झेलायचा लेकाचा. मला गंमत वाटली. एका मुठीच्या दोन झाल्या. हे सांगायला तोंड उघडलं तोच भाऊ बोलले, "कोरताना धातूचा कीस निघतो, तो असंल, डाक्टर. मी फुकतो, तो खाली पडतो, हा टिपतो. मीच फुकतो ना." डॉक्टर म्हणाले, तसंही असू शकेल. आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. नंतर सांगू, कोंबडा बरा झाला की हसत हसत सांगू, असं मनाशी ठरवलं.

तीन दिवस भाऊंनी छिन्नीला हात लावला नाही. कोमट पाणी, चमचाभर तेल, आणि मग पिशवी हलक्या हाताने चोळत बसायचं. डोळे मिटलेले, पाकळी तपासताना मिटायचे तसेच. "काय लागतंय, भाऊ? टोचतंय का?" मी विचारायचो. ते बराच वेळ बोट थांबवून ठेवायचे. "तसा हाय पन, नाय पन." वहिनी एवढंच म्हणायच्या, "देवीचं होतं, देवी नेते."

चौथ्या दिवशी तो गेला. मला अपराध्यासारखं झालं होतं, पण खरं सांगायचं तर एक आशाही होती: आत कीसच निघेल. म्हणून मी म्हणालो, "भाऊ, मी उघडून बघतो. काय होतं ते कळेल."

भाऊंनी त्याला माझ्या हातातून काढून घेतलं. "कलंल म्हनून तर नको," म्हणाले आणि चिकूखाली खड्डा करायला गेले.

त्यानंतर भाऊ पडवीत कधी फुंकर मारत नसत. ठोकळा उचलायचे, अंगण ओलांडून कुंपणापाशी जायचे, तिथे फुंकायचे आणि परत येऊन बसायचे. पडवीत आता टिपणारं कोणी नव्हतं, तरी दिवसातून वीस वेळा. प्रत्येक वेळी ते उठले की मला वाटायचं, आज सांगावं. ते परत येईपर्यंत माझा धीर सुटलेला असायचा. चार वर्षं अशीच गेली, आणि गेल्या हिवाळ्यात भाऊही गेले.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी त्यांच्या छिन्न्या मला आणून दिल्या. मला राहवलं नाही. म्हणालो, "वहिनी, तो कोंबडा किसाने नाही मेला. मी चणे टाकले होते."

वहिनी डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, "म्हाईत हाय. हे तवाच बोललेले. बोटाला गोल गोल लागतात म्हने, चनेच हायती. पन त्याला बोलू नको, पोराच्या जिवाला लागंल."

मी पडवीत येऊन बसलो. मग डॉक्टरांसमोर ते कीस का म्हणाले? तेव्हा तर त्यांनी पुरतं चाचपलंही नव्हतं. की पहिल्या अंगठ्यालाच कळलं होतं? आणि कुंपणापर्यंतच्या त्या खेपा, त्या कोंबड्यासाठी होत्या की मला पटावं म्हणून? की चणेही होते आणि कीसही? मी खूप विचार केला. ज्याला विचारायचं तो माणूस असता तरी काय उत्तर मिळालं असतं, ते तुम्हालाही आता ठाऊक आहे.

काल भाऊंच्या जागेवर बसून एक पाकळी कोरली. डोळे मिटून बोट फिरवलं, मला काही कळलं नाही. ठोकळ्यावर कीस साचला होता. मी ठोकळा उचलला आणि फुंकायला कुंपणापाशी गेलो.