कानाखालचा लाल रंग

निपाणीची आमची आक्का दिवसभर विड्या वळायची. दोन्ही हात पानात नि तंबाखूत, म्हणून फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला. तशी मान वाकडी करून ती माझ्याशी तासन्‌तास बोलायची. मी बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरीला. फोनच्या लहरी माणसाच्या डोक्यात किती शिरतात, ते संगणकावर मांडून बघणं हे माझं काम. हौसेनं मी संगणकातलं डोकं आक्कासारखं वाकवलं, फोन तसाच दाबला आणि चित्र तयार केलं.

एका रविवारी लॅपटॉप घेऊन मिरवायला गेलो. चित्रात कानाखाली लालभडक डाग होता. त्या चित्रात जिथं सगळ्यात जास्त, तिथं लाल. मग ते जास्त म्हणजे कितीही क्षुल्लक असो. धोक्याच्या मर्यादेशी ताडून रंग दिले असते, तर अख्खं डोकं निळंच दिसलं असतं. पण निळं डोकं बघून कोण वाहवा करणार?

“हितं एवढं लाल?” आक्कानं विचारलं.

“व्हय, तिथंच जास्त शिरतंय,” मी ऐटीत म्हणालो.

तिचा हात कानाखाली गेला. मला वाटलं, पदर सावरतेय.

त्यानंतर तिनं फोन उचलणंच सोडलं. शेजारणीकरवी निरोप आला, बोलायचं असेल तर येऊन बोल. मला राग आला. मोठा शहाणा मी, चार महिने तिकडं फिरकलो नाही.

गेलो तेव्हा तिच्या कानाखाली लिंबाएवढी गाठ होती.

“तू चित्र दावलंस तवाच वाटाण्याएवढी हुती रं. फोननं आलीया, फोन सोडला की जिरंल म्हटलं.”

बेळगावच्या डॉक्टरांनी तपासलं. कॅन्सर पसरला होता. कशानं झाला ते सांगता येत नाही, म्हणाले. वेळेत आणलं असतं तर गाठ काढता आली असती. गाठ माझ्या चित्रानं आली नाही, पण उशीर माझ्या चित्रानं झाला. हे मी कुणाला सांगू?

बैल गेला आणि झोपा केला, तसे मी दुसऱ्या दिवशी रंग बदलले आणि दवाखान्यात तिच्या खाटेवर लॅपटॉप उघडला. डोकं सगळं निळं. निळं म्हणजे कुठंच धोका नाही, असं तिला सांगितलं. तिच्यासाठी कुठलं, मलाच सुटायचं होतं.

आक्कानं चित्रातल्या कानाखाली बोट ठेवलं.

“मग आदी ह्येच का न्हाय दावलंस रं?”