टायरच्या चपलेचे तुकडे

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर नत्थुजी गावंड्यांचं गॅरेज आहे. गॅरेज हे नावालाच. वर टिनाचं छप्पर, खाली तेल पिऊन पिऊन काळी कुळकुळीत झालेली जमीन. चौदाव्या वर्षी नत्थुजी नांदगाव खंडेश्वरकडचं आपलं गाव सोडून अकोल्याला आले आणि एका उस्तादाच्या हाताखाली बसले. उस्तादानं पहिली दोन वर्षं त्यांना पान्याला हात लावू दिला नाही. सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचे आणि पुसून ठेवायचे, एवढंच काम. मोटारसायकल समजायला बारा वर्षं लागतात, असं उस्ताद म्हणायचे. नत्थुजींना खरोखरच बारा वर्षं लागली, म्हणून त्यांचा त्यावर गाढ विश्वास होता.

त्यांच्या हाताला यश होतं. गाडी लांबून येत असली तरी ते आवाजावरून सांगायचे, हिचा व्हॉल्व्ह वाजतो, हिची साखळी ढिली आहे. पण गंमत अशी, की एवढ्या वर्षांत ते स्वतः मोटारसायकलवर मूर्तिजापूरच्या पुढं कधी गेले नव्हते. गॅरेज सोडून जायचं कुठं आणि कशाला? बायको जमुना कधीमधी म्हणायची, की दुनियेच्या गाड्या तुमी रस्त्याले लावता आन् तुमी इथंच बसून राहता. नत्थुजी हसून कामाला लागायचे.

त्यांना घराबाहेर काढलं ते प्राजक्तानं. ही प्राजक्ता एका शाळेत भूगोल शिकवते आणि बुलेट चालवते. ‘काळी माती बायकर्स’ नावाचा एक क्लब आहे, अर्धा अकोल्याचा, अर्धा अमरावतीचा. त्यात वकील आहेत, संत्र्याचे बागाईतदार आहेत, एक दातांचा डॉक्टर आहे. दर रविवारी सकाळी इकडचे इकडून, तिकडचे तिकडून निघतात, मधे मूर्तिजापूरला भेटून नाश्ता करतात आणि पुढं कुठंतरी जातात. कधी लोणारला, कधी सालबर्डीला. वर्षातून दोनदा रक्तदान, हिवाळ्यात कुणाच्या तरी वावरात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पार्टी. प्राजक्ता त्या क्लबची म्होरकी. तिच्या बुलेटची देखभाल नत्थुजींकडं होती. एकदा ती म्हणाली, काकाजी, तुम्ही आमच्या सगळ्यांच्या गाड्या सांभाळता, एकदा आमच्यासोबत चला तरी. नत्थुजींनी तीन वेळा नाही म्हटलं. चौथ्यांदा जमुनानंच परस्पर हो म्हणून टाकलं आणि निघायच्या दिवशी पहाटे त्यांच्या हातात धुतलेला सदरा दिला.

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. त्या वेळी क्लब नुसता फिरायला निघाला नव्हता. मेळघाटात आत, हरिसालच्या पलीकडं मोहाढाणा नावाचं कोरकू वस्तीचं गाव आहे. तिथल्या आजूबाजूच्या ढाण्यांमध्ये, म्हणजे छोट्या वस्त्यांमध्ये, शिक्षक, आशाताई, पोस्टमन यांच्या मोटारसायकली आहेत, पण मिस्तरी नाही. गाडी बिघडली की ती जीपमध्ये घालून परतवाड्यापर्यंत खाली आणायची, नाहीतर पडवीत कोंबड्यांना बसायला ठेवून द्यायची. पावसाळ्यानं रस्ते उखडले की अशा गाड्यांची संख्या दुप्पट. म्हणून क्लबनं ठरवलं होतं, की एक दिवस तिथं जाऊन दुरुस्तीचं शिबिर घ्यायचं. माणसं तीस, पण कारागीर एकच, नत्थुजी.

दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा असं करत सगळे बिहालीच्या पुढं आले आणि घाट लागला. नत्थुजी आपल्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर सगळ्यांच्या मागं होते. त्यांच्यापुढं सव्वीस मोटारसायकली वळणं घेत वर चढत होत्या. एक वळण संपलं की सगळ्यांचा आवाज कड्याला लागून परत यायचा, दुसरं लागलं की सागाच्या दाट झाडीत विरून जायचा. नत्थुजी ऐकत होते. त्यांच्या कानाला सवय होती ती खोकणाऱ्या, धाप टाकणाऱ्या, स्टँडवर उभ्या असलेल्या गाड्यांची. आजारी माणसंच पाहिलेल्या डॉक्टरला एकाएकी धडधाकट माणसांची जत्रा दिसावी तसं त्यांचं झालं. यातल्या नऊ गाड्यांचं इंजिन त्यांनी स्वतःच्या हातानं उघडून बसवलं होतं. पण बसवलेलं इंजिन पुढं जाऊन काय करतं, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. घाटमाथ्यावर सगळे थांबले तेव्हा प्राजक्तानं विचारलं, काकाजी, दमलात का? नत्थुजींनी मान हलवली. त्यांचे डोळे ओले होते आणि ते का ओले आहेत हे त्यांना सांगता आलं नसतं.

मोहाढाण्याच्या शाळेपुढच्या मैदानात शिबिर मांडलं. दहा वाजायच्या आत तीस गाड्या आल्या. काही ढकलत आल्या, दोन तर बैलगाडीतून आल्या. नत्थुजींनी रायडर मंडळींची विभागणी केली: वकिलाला कार्बोरेटर धुवायला बसवलं, दातांच्या डॉक्टरला स्पार्क प्लग घासायला लावलं आणि स्वतः एकेक गाडी तपासत फिरू लागले. लोक काम होईपर्यंत सावलीत बसले होते. क्लबनं आणलेला चिवडा आणि गावानं केलेला चहा फिरत होता.

दुपारी एक बाई एकतिसावी गाडी घेऊन आली. गाडी चालवत आली, ढकलत नाही. पस्तिशीची, सडपातळ, मागच्या कॅरिअरला लशींचा निळा डबा बांधलेला. नाव सुगरती बेठेकर, मोहाढाण्याची आशाताई. तिच्याकडं सहा ढाणे होते. तिनं सांगितलं, की बाकी गाडी ठीक आहे, फक्त मागचा ब्रेक लागत नाही.

नत्थुजींनी मागचं चाक उतरवलं. ब्रेकचे शू झिजून संपले होते, ते बदलायचेच होते. पण सवयीनं त्यांनी चाकाची दुसरी बाजूही उघडून पाहिली. तिथं, साखळीच्या चक्राच्या मागं, चार रबरी तुकडे असतात. गाडी झटक्यानं ओढली गेली की तो झटका हे रबर सोसतात, म्हणून साखळी तुटत नाही. कारागीर त्यांना ड्रम रबर म्हणतात. नत्थुजींनी आयुष्यात असे हजारो रबर बदलले असतील.

या चाकात रबर नव्हते. म्हणजे कंपनीचे नव्हते. त्यांच्या जागी चपलेचे तुकडे होते. एका अंगाला टायरच्या चपलेचा कडक तळ, दुसऱ्या अंगाला साध्या स्लिपरचा मऊ तळ, आणि दोन्ही सुतळीच्या बारीक टाक्यांनी एकमेकांना शिवलेले. चारही तुकडे खाचेत असे चपखल बसले होते, की नत्थुजींना ते काढायला स्क्रू-ड्रायव्हर लावावा लागला. त्यांनी एक तुकडा तळहातावर घेतला. मग दुसरा घेतला. चारही एकाच मापाचे होते.

“हे कोनं बनवलं?” त्यांनी विचारलं.

“मीनंच,” सुगरती म्हणाली. काहीतरी चुकलं असावं असं वाटून ती पुढं आली. “जुनं रबर भुगा झालं होतं, बाबाजी. विळ्यानं कापलं हे.”

नत्थुजींना खरं वाटेना. त्यांनी विचारलं, की तुला शिकवलं कोणी, नवऱ्यानं का? तेव्हा तिनं हळूहळू सगळं सांगितलं. नवरा वर्षातले आठ महिने खाली वीटभट्टीवर असायचा, गाडी घरी पडून. तिनं ती चालवायला घेतली ती ढाण्यांमध्ये चालत जायला दिवस पुरत नाही म्हणून. तीन वर्षांपूर्वी गाडी एका नाल्यात बंद पडली. तिनं सात किलोमीटर ढकलत घरी आणली. पाहायला कोणी नव्हतं. मग एका सकाळी तिनं अंगणात सागाची पानं ओळीनं मांडली, एकच पाना घेतला आणि गाडी उघडायला लागली. जो भाग आधी निघाला तो पहिल्या पानावर, त्याच्या मागचा दुसऱ्यावर. एकूण साठ पानं लागली. वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येक पानावर खडा ठेवला. आतली माती धुतली आणि शेवटच्या पानापासून उलटं बसवत आली. संध्याकाळी गाडी चालू झाली.

“भेव नाई वाटलं?” नत्थुजींनी विचारलं.

“वाटलं. पन बंदच होती न गाडी. याच्याहून जास्त काय बंद पडन?”

तोवर प्राजक्ता आणि दोघे-तिघे जवळ येऊन उभे राहिले होते. नत्थुजींचं लक्ष पुन्हा हातातल्या तुकड्याकडं गेलं. एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. कंपनीचं रबर दोन्ही अंगांनी सारखंच असतं. हिनं एक अंग कडक आणि एक मऊ का केलं? आणि चारही तुकड्यांत कडक अंग एकाच दिशेला होतं, म्हणजे हे चुकून झालेलं नव्हतं.

सुगरतीनं चाकावर हात ठेवला आणि ते थोडं पुढं ढकलून दाखवलं. “चढावर साखळी चाकाले ओढते. उतारावर चाक साखळीले ओढते. दोनी जोर एकसारके नसते, बाबाजी. आमच्याकडं चढ लय कडक हाय, मागं लशीचा डबा असते, म्हनून त्या बाजूनं कडक लावलं. उतारावर मऊ पायजे, नाई तर डब्याले हिसका बसते.”

नत्थुजींनी तुकडा दोन्ही अंगांनी बोटानं दाबून पाहिला. अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी जुनं रबर काढून नवं बसवलं होतं. त्या खाचेत दोन वेगवेगळे जोर काम करतात हे त्यांच्या हातांना ठाऊक असेल, पण त्यांनी स्वतःला ते कधी विचारलं नव्हतं. उस्तादानं सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. या बाईनं मात्र चढावर गाडी चालवता चालवता, बुडाखालच्या धक्क्यावरून ते ओळखलं होतं. त्यांच्या अंगावर काटा आला. देवळातही त्यांना असं कधी झालं नव्हतं.

त्यांनी वकिलाला बोलावलं, डॉक्टरला बोलावलं, सगळ्यांना हातातली कामं ठेवून यायला सांगितलं. तुकडा एकेकाच्या हातात दिला आणि सुगरतीनं सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. सुगरती संकोचून पदराशी चाळा करत उभी होती. मग नत्थुजींनी तेच तुकडे आणि ब्रेकचे नवे शू घालून चाक बसवलं, तिची परवानगी मागितली आणि गावामागच्या चढावर गाडी घेऊन गेले. दोनदा वर गेले, दोनदा खाली आले. पहिल्या गिअरमध्ये मुद्दाम हिसका देऊन पाहिला. साखळी कुरकुरली नाही.

त्यांच्या पिशवीत कंपनीच्या ड्रम रबरचा नवा जोड होता. प्राजक्तानं तो काढून पुढं केला. नत्थुजींनी तो सुगरतीच्या हातात दिला आणि म्हणाले, “हा घरी ठेवून दे. कधी लागलाच तर. आता जे हाय, ते बदलाले माहा हात धजत नाई.” नंतर त्यांनी विचारलं, की एवढं सगळं येतं तर ब्रेकचे शू का नाही बनवले? तिनं सांगितलं, की बाकी काही बिघडलं तर गाडी थांबेल. ब्रेक चुकला तर गाडी थांबणार नाही, म्हणून त्याला घरचा इलाज करायची हिंमत केली नाही. नत्थुजींनी प्राजक्ताकडं पाहिलं. चांगल्या कारागिराला आपला हात कुठं थांबवायचा हे कळायला हवं, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांना फार उशिरा कळलं होतं.

उरलेल्या दुपारी सुगरती त्यांच्या शेजारी बसली. एकतीसपैकी सत्तावीस गाड्या चालू झाल्या. त्यातल्या पाच तिनं केल्या.

घरी आल्यावर नत्थुजी जेवताना बोलत सुटले. जमुनानं इतकी वर्षं त्यांच्या तोंडून गाड्यांबद्दल तक्रारीच ऐकल्या होत्या. तिनं ताटात भाकर वाढली आणि म्हणाली, “तिले इकडं बोलवा. लेकीसारकी राहीन आपल्याकडं.”

फेब्रुवारीत सुगरती आली. क्लबनं तिच्या येण्याजाण्याचं पाहिलं आणि ती बारा दिवस गावंड्यांकडं राहिली. नत्थुजींनी तिला इंजिनाचं डोकं उघडायला शिकवलं, व्हॉल्व्हचं अंतर बोटानं कसं ओळखायचं ते शिकवलं. एक गोष्ट ते दोनदा सांगत नसत, कारण तशी वेळ यायची नाही. गिऱ्हाईकं आधी थबकायची, बाई गाडी उघडते म्हणून. चौथ्या दिवशी एक कापूस व्यापारी, ओमप्रकाश नावाचे, आपली गाडी आता ताईंनाच दाखवायची म्हणून थांबून राहिले. जमुना तिला संध्याकाळी बाजारात न्यायची. सुगरती परत निघाली तेव्हा तिनं तिला चामड्याच्या चपलांचा एक जोड घेऊन दिला आणि बजावलं, की हा पायातच घालायचा.

आता मोहाढाण्यात शाळेशेजारी बांबूचं एक शेड आहे. आशाताईचं काम आटोपलं की सुगरती तिथं बसते. आठ ढाण्यांच्या गाड्या तिच्याकडं येतात. परतवाड्याला जीप क्वचितच जाते. लागणारे भाग नत्थुजी निवडून पाठवतात, आणि क्लबचं कोणी ना कोणी महिन्यातून एकदा तिकडं जातंच.

या जानेवारीत नत्थुजी पुन्हा गेले तेव्हा मागच्या सीटवर जमुना होती. घाटात तिनं त्यांच्या खांद्याला घट्ट धरलं होतं, आणि वरून दरी दिसली तेव्हा तिनं गाडी थांबवायला लावली. ती उतरून कठड्यापाशी गेली. आपल्या साठ वर्षांत वऱ्हाडाच्या डोक्यावर हे सगळं होतं आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही, असं काहीसं ती पुटपुटली.

शेडपाशी पोचले तेव्हा सुगरती एका शिक्षकाच्या गाडीचं इंजिन उघडून बसली होती. तिनं मान वर करून हसून पाहिलं, गावातल्या बाईला चहा ठेवायला सांगितलं आणि पुन्हा कामात शिरली. नत्थुजींनी बाह्या सरसावल्या. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्या परत खाली केल्या, जवळच्या बाजेवर बसले आणि तिचे हात पाहत राहिले. जमुनानं त्यांना चहाचा कप दिला. तो त्यांच्या हातात निवून गेला.