अर्धं विलायती गाणं

अमेरिकेत आले तेव्हा माझी एक समजूत अगदी पक्की होती: इंग्रजी गाणं म्हणजे अमेरिकेचं गाणं. नागपुरात आमच्या कॉलेजच्या घोळक्यात कुणाला याबद्दल शंकाही नव्हती. केबलवरच्या म्युझिक चॅनलवर दुपारच्या वेळी ती पोरं यायची, गळ्यापर्यंत झिप ओढलेली जाकिटं घातलेली, कपाळावर केस आणि चेहऱ्यावर कायमची नाराजी. मागे भुरभुर पाऊस आणि विटांची एकाला एक चिकटलेली घरं. आम्ही म्हणायचो, बघ, अमेरिका!

म्हणून २००२ साली नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला नोकरीवर रुजू झाले आणि जुनी गाडी घेतल्याबरोबर आधी रेडिओ लावला. आता लागतील आपली गाणी! कसलं काय. एका स्टेशनवर ट्रक, कुत्रा आणि सोडून गेलेली बायको. दुसऱ्यावर प्रवचन. तिसऱ्यावर परत ट्रक.

मला तर खरं एकच गाणं हवं होतं. त्याचं नाव मला माहीत नव्हतं आणि यात माझी काडीचीही चूक नाही. नाव पडद्याच्या कोपऱ्यात फक्त सुरुवातीला आणि शेवटी यायचं. सुरुवातीला मी टेपरेकॉर्डर उचलून टीव्हीसमोर ठेवायच्या धांदलीत. दोन बटणं एकदम दाबायची, घरातल्यांना गप्प करायचं, नाव कोण वाचणार? आणि शेवट मी पाहिलाच नाही. गाणं ऐन रंगात आलं होतं, तो पोरगा आवाज चढवून पुढचं काहीतरी म्हणणार, तेवढ्यात लाइट गेली. टीव्ही बंद, टेप बंद. ते गाणं परत कधी लागलंच नाही. कॅसेटवर गाणं तिथेच कचकन तुटलं. शिवाय पहिलं कडवं संपल्यावर त्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला होता, "अगं, दूध पाहा! उतू जाऊन राहिलं!" पुढे अमेरिकेला निघेपर्यंत मी ती कॅसेट रोज लावायची. एक कडवं, मग दूध, मग दुसरं कडवं, मग काहीच नाही. गाण्याचे शब्द विचाराल तर त्या पोरांचे उच्चार असे होते की इंग्रजी आहे एवढंच कळायचं.

ऑफिसात माझ्या शेजारी माझ्याच वयाचा एक अमेरिकन बसायचा. स्वभावाने इतका सज्जन की त्याला छळायला संकोच वाटायचा, तरी मी छळलंच. त्याला गाणं गुणगुणून दाखवलं. डोळे मिटून त्याने ऐकलं आणि आदराने विचारलं, "हे तुमच्या लग्नात म्हणतात का?"

"अरे बाबा, तुझ्याच भाषेतलं आहे!"

मग मी त्याला झिपवाल्या पोरांचं, विटांच्या घरांचं वर्णन करून सांगितलं. तो हसायलाच लागला. ते इंग्लंड, तो म्हणाला. त्यातली एक-दोन मंडळी इथवर आली, बाकीच्यांचं इकडे फारसं कधी चाललंच नाही. त्याच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांत नाराज पोरं इथलीच होती, चौकटीचे शर्ट घालणारी. बाहेरून मागवायची गरज नव्हती.

मी थक्क झाले. म्हणजे ही गाणी इंग्लंडहून निघाली आणि अमेरिकेला वळसा घालून थेट नागपूरला आमच्या धरमपेठेत येऊन उतरली? गोऱ्या साहेबाला आपण हाकललं आणि त्याची नातवंडं केबलवरून घरात घेतली! का घेतली, याचा मला चाळाच लागला. आमच्या उन्हात त्या पोरांच्या भुरभुर पावसाचं आम्हाला एवढं काय पडलं होतं? आमचा कुठला राग होता, जो त्यांच्या रागाशी जुळत होता? मला तर तेव्हा फक्त केमिस्ट्रीचा राग यायचा.

मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये, घरोघरचे डबे आणून होणाऱ्या जेवणात, विचारून पाहिलं. पुण्याचे, मुंबईचे सगळे एका सुरात, "अरे, ऐकलंय यार हे!" आणि मग जो तो आपलंच गाणं म्हणायला लागला. एकाचं तर चक्क हिंदी निघालं. एका मैत्रिणीची मुलगी माझं गुणगुणणं बराच वेळ बघत उभी होती. शेवटी म्हणाली, "काकू, आर यू ओके?"

मग एकदा लंडनच्या ऑफिसातून एक माणूस आमच्याकडे कामासाठी आला. अस्सल इंग्रज, आमच्याच पिढीचा. मी मनात म्हटलं, आता कुठे जाशील! कॅन्टीनमध्ये त्याला गाठलं आणि त्याच्या सँडविचसमोर पूर्ण सुरात गाणं म्हटलं. त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू. मध्येच मी थांबले.

"का थांबलीस?"

"इथे आई बोलते," मी म्हटलं आणि पुढे म्हणायला लागले.

तो पोट धरून हसला. तेव्हा त्यांच्या गावागावात असे बँड होते, तो म्हणाला. त्याच्या शाळेतल्याच पोरांचा एक होता, त्यातला गिटारवाला आता घरं विकतो. "चाल ओळखीची वाटते, पण अशा चाली खूप होत्या. पुढे कसं आहे? पुढचं म्हण, म्हणजे सांगतो."

पुढे. सगळे हेच विचारायचे. पुढचं माझ्याकडे नव्हतं.

निदान आहे तेवढं त्याला मेलने पाठवावं म्हणून नागपूरला फोन केला. "आई, माझ्या कॅसेटी शोध."

"त्या? त्या तर कबाडीवाल्याला देऊन टाकल्या. टेप बिघडलेला, कोण ऐकून राहिलं होतं?"

माझं डोकंच फिरलं. मी फोनवर वाट्टेल ते बोलले. माझं सगळं तरुणपण भंगारात घातलंस, इथपर्यंत गेले. आई शांतपणे म्हणाली, "बाप्पा, एवढं काय होतं त्यात? निस्ती अर्धी अर्धी गाणी." आणि फोन बाबांकडे दिला.

तोवर काळ बदलला होता. मॉलमधलं सीडीचं दुकान बंद झालं, तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा आला. काडेपेटीएवढ्या यंत्रात माझी हजार गाणी मावायला लागली आणि नेमकं तेच त्यात नव्हतं. आता मला भीती वाटायची ती गाणं न सापडण्याची नव्हती. कॅसेट गेली, नाव माहीत नाही, या अख्ख्या देशात कुणी ओळखत नाही. मग ते गाणं होतं तरी का? ती दुपार, तो टीव्ही, आणि त्याच्यासमोर श्वास रोखून बसलेली मी, हे माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नसेल तर उद्या मलाही खोटं वाटायला लागेल. वाईट वाटायचं मला, फार वाईट वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली. कॅसेटींचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. पण आत अढी होतीच. चहात साखर जास्त पडली तरी मी फणकारायची आणि ती खिडकीबाहेरची खार बघत बसायची.

एका रविवारी सकाळी मी बाहेर पेपर चाळत होते. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, तोंडाने काहीतरी गुणगुणत. मी लक्ष दिलं नाही, असेल एखादा अभंग. मग कान टवकारले. अभंग नव्हता. चालीला तिने आपलं वळण दिलं होतं, वेग अर्ध्यावर आणला होता, पण सुरांची वाट तीच. मी पेपर ठेवला आणि दारात जाऊन उभी राहिले.

पहिलं कडवं संपलं. ती क्षणभर थांबली, अगदी दुधाएवढी, आणि दुसऱ्यावर गेली. आवाज चढवत चढवत वर नेला आणि तिथे सोडून दिला. पोळी उलटली.

"आई, पुढे?"

तिने मागे वळून पाहिलं. "पुढे काय?"

"पुढचं म्हण ना."

"पुढे कुठे आहे?" आई म्हणाली. "पुढे लाइट जाते न."